शिंत्रे सरांच्या गाडीचं टप

गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं, आत चढतं आणि बोट वर करतं. "हितनं गळतंय बघा मिस्त्री. हितंच भोक हाय." चाळीस वर्षांत अशी शेकडो बोटं मी पाहिली असतील. त्यातल्या दोन-चार बोटांच्या वर खरंच भोक सापडलं. बाकी सगळी चुकीच्या जागी रोखलेली.

माझं नाव मारुती. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मी बसगाड्यांच्या बॉडी बांधायचं काम केलं. आमच्याकडं नुसती चाकं, इंजिन आणि सांगाडा यायचा. त्यावर लोखंडी कमानी उभ्या करायच्या, पत्रा ठोकायचा, टप चढवायचं, आतून प्लाय मारायचा, की झाली बस. टप म्हणजे गाडीचं छप्पर. माझ्याकडं कायम टपाचंच काम असायचं. पुढं शेड बंद पडली, तेव्हा हुपरीच्या रस्त्याला माझ्या वाटणीचे चार गुंठे होते, तिथं घरापुढं पत्र्याचा मोठा आडोसा केला आणि गळती काढायचं काम सुरू केलं. दुसरं काही करायचं नाही, फक्त गळती. जुन्या बसगाड्या यायच्या, रुग्णवाहिका यायच्या, आणि अलीकडं ही फिरती घरं यायला लागली. जुनी मिनीबस घ्यायची, बाकडी काढून टाकायची, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि नवरा-बायकोनं देश बघायला निघायचं.

या गाड्यांच्या टपावर काय काय असतं म्हणून सांगू! हवेसाठी झाकणाची खिडकी, सोलरची पाटी, सामानाचा कठडा, टीव्हीचा अँटेना. प्रत्येक वस्तूला चार भोकं. लोकांना वाटतं पत्रा सडला म्हणून गळतंय. पत्रा सहसा सडत नाही. गळतो तो जोड. जोडात भरलेलं सीलंट आठ-दहा उन्हाळे सोसतं आणि मग चिरतं. त्या चिरेतून पाणी आत जातं, पण लगेच खाली पडत नाही. वरचा पत्रा आणि आतला प्लाय यांच्यात दोन बोटांची पोकळी असते. तिथं ते कमानीला धरून, वायरीवरून, गाडी जिकडं कलली असेल तिकडं चालत राहतं आणि दिव्याचं भोक नाहीतर प्लायचा जोड मिळाला की तिथून ठिबकतं. शिरलं एकीकडं, पडलं सहा फूट लांब. ते मधले सहा फूट शोधणं हा माझा धंदा.

शोधायची रीत साधी आहे, पण तिला दोन माणसं लागतात. एक टपावर पाण्याचा पाइप घेऊन, एक आत बॅटरी घेऊन. सगळ्यात खालच्या जोडापासून सुरुवात करायची. एकेका जोडावर दहा मिनिटं बारीक धार सोडायची आणि मगच वर सरकायचं. घाई करून सगळं टप एकदम भिजवलं, तर कुठलं पाणी कुठून आलं ते देवालाही सांगता येणार नाही. आतल्या माणसानं थेंब दिसला की ओरडायचं, "आलं!" वरच्यानं तिथं मेणखडूनं खूण करायची.

माझ्याकडं आतलं माणूस म्हणजे माझी बायको, सुमन. आम्हाला मूलबाळ नव्हतं. शेडमधला जोडीदार मिळेना तेव्हा तीच म्हणाली, "मी बसतो की आत. त्यात काय एवढं?" आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी बसतो, मी जातो. बसली, ती अकरा वर्षं बसली. तिचे कान इतके तीक्ष्ण होते की थेंब दिसायच्या आधी तिला प्लायच्या आत सरकणारं पाणी ऐकू यायचं. मी वरून धार सोडायचो आणि खालून तिचा आवाज, "अजून न्हाई... अजून न्हाई... थांबा, चाललंय काहीतरी..."

एकदा पन्हाळ्याचा एक लॉजवाला त्याची गाडी घेऊन आला. पर्यटकांना भाड्यानं द्यायचा. तीन ठिकाणी दुरुस्ती करून झालेली, वरून डांबर फासलेलं. डांबर बघितलं की माझं डोकं फिरतं. खालची चीर झाकली जाते, बुजत नाही, आणि पुढच्या माणसाला दोन दिवस नुसतं खरवडत बसावं लागतं. मी खरवडलं, धार सोडली, दोन दिवस गेले, सुमन काही "आलं" म्हणेना. तिसऱ्या दिवशी ती गाडीतून उतरली आणि लॉजवाल्याला म्हणाली, "पावणं, लोकं आत च्या करत्यात का?"

"व्हय की. थंडीचं दिवस, खिडक्या लावून घेत्यात आन् करत्यात."

"मग टप न्हाई गळत. टपाला घाम येतोय."

तसंच होतं. चार माणसांचा श्वास आणि चहाची वाफ गार पत्र्याला लागून पाणी व्हायची आणि सकाळी टपटपायची. झाकणाची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा म्हणून सांगितलं, काम संपलं. त्या माणसानं गावभर माझं नाव केलं. खरं तर नाव तिचं व्हायला हवं होतं. मी कुणाला तसं सांगितलं नाही, ही माझी चूक. ती असताना सांगायला हवं होतं.

सुमन जाऊन आता चार वर्षं झाली. हिवाळ्यात सकाळी चूल पेटवताना छातीत कळ आली. मी आडोशाखाली एका रुग्णवाहिकेचे रिबिट काढत होतो. गाडीत माणूस आडवा करायची सगळी सोय समोर उभी होती आणि इंजिन गॅरेजवाल्यानं खोलून ठेवलेलं होतं. शेजारच्याची जीप येईपर्यंत ती गेली.

नंतर काम एकट्यानं करायला लागलो. आतून छताला वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या, वर चढून दहा मिनिटं धार सोडायची, शिडीवरून उतरायचं, पाय पुसून आत जायचं, कुठली पट्टी ओली झाली बघायचं, पुन्हा चढायचं. दिवसाला तीस-चाळीस वेळा. गुडघे बोलायला लागले, पण त्याचं काही नाही. एकदा वरून धार सोडली होती, दुपार होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आलं का गं?" आणि मी पाइप हातात धरून उत्तराची वाट बघत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. टाकी रिकामी झाल्यावर भानावर आलो.

त्यानंतर कामं कमी केली. कुणाचा फोन आला तर "बघू" म्हणायचो. दिवस-दिवस माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. दूधवाला "व्हय" म्हटलं की निघून जायचा, तेवढंच.

अशात गेल्या वर्षी आषाढात एक पांढरी मिनीबस फाटकाशी येऊन थांबली. चालवत होते ते गृहस्थ चौऱ्याहत्तरीचे, अंगानं काटक. कागलचे निवृत्त चित्रकलेचे शिक्षक, शिंत्रे सर. मागं पलंगावर त्यांच्या पत्नी विमलवैनी बसल्या होत्या. डोक्यावर छत्री उघडलेली. गाडीच्या आत.

सरांनीही बोट वर केलं. पलंगाच्या बरोबर वर प्लाय काळा पडून फुगला होता. मी नेहमीसारखं म्हटलं, "सर, गाडी ठिवून जावा. आठ-धा दिवस लागतील."

"ठेवून जाता येत नाही मिस्त्री," ते म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. या गाडीतून दोघं अकरा वर्षं हिंडले. सर चित्रं काढायचे, वैनी स्वयंपाक करायच्या. चार वर्षांपूर्वी वैनींचं विसरणं सुरू झालं. आता कागलच्या घरात त्या दर अर्ध्या तासाला पिशवी भरतात आणि म्हणतात, मला घरी सोडा. ज्या घरात पस्तीस वर्षं काढली, ते घर त्यांना परकं झालंय. गाडीत आल्या की मात्र पिशवी ठेवतात, जेवतात, झोपतात. म्हणून सरांनी गाडी अंगणात उभी केली आणि दोघं तिच्यातच राहायला लागले. या पावसात छत गळायला लागलं. तीन वेळा झोपेत अंगावर पाणी पडलं आणि त्या घाबरून ओरडत उठल्या. आता गाडीत पाय ठेवायलाही भितात. छत्री दिली तरच बसतात.

"मुलगा म्हणतो आईला पुण्याच्या एखाद्या केंद्रात ठेवूया," सर म्हणाले. "ही गाडी गेली तर मला तेच करावं लागेल. दुसरं कुठलं घर तिला ओळखीचं राहिलं नाही."

मी गाडी आडोशाखाली घ्यायला सांगितली. तिथंच राहा म्हटलं, मी एकेक भाग उघडतो.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या चिकटवल्या आणि वर चढलो. सरांनी आत बसून बघितलं असतं, पण वैनींचा हात सोडला की त्या उठून रस्त्याकडं चालायला लागायच्या. त्यामुळं दोघंही पलंगावर, आणि मी वर-खाली. पुढची खिडकी कोरडी. सोलरची पाटी कोरडी. दुपारी मागच्या कठड्याच्या पायाशी धार धरली. सात-आठ मिनिटं झाली असतील, आणि खालून बाईमाणसाचा आवाज आला.

"आलं!"

माझ्या हातातला पाइप सुटला. शिडीवरून कसा उतरलो माहीत नाही. आत वैनी छत्री मिटवून बसल्या होत्या, तळहात पुढं धरलेला, त्यावर पाण्याचा एक थेंब. "आलं बघा," त्या मला म्हणाल्या.

सर म्हणाले, "मी मघाशी तिला म्हटलं होतं, पाणी आलं की सांग." पुढं दिवसभर वैनी सगळ्यालाच "आलं" म्हणत राहिल्या. चहा आला, आलं. रस्त्यावरून ट्रक गेला, आलं. पण पहिलं खरं होतं. पलंगापासून पाच फुटांवरून ते पाणी चालत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी मागचा प्लाय उतरवला. ओल्या बिस्किटासारखा हातात आला. आतल्या कमानी उघड्या पडल्या, बॅटरी मारली आणि पेन्सिलीनं लिहिलेले आकडे दिसले. मागचा एक, मागचा दोन, मागचा तीन. तीनचा आकडा उलट्या बाजूनं काढलेला. मी शाळेत असल्यापासून तीन तसाच काढतो.

गाडी आमच्या शेडची होती. टप माझं होतं. सरांनी ती कुणाकडून तरी घेतलेली, त्यांनाही माहीत नव्हतं. आणि कठड्याच्या पायाखाली, पत्र्याच्या पट्टीखाली अर्धं झाकलेलं, एक भोक. ते मला लगेच आठवलं. मूळ मालक गाडी न्यायला येऊन उभा होता, घाई लावली होती, आणि माझं ड्रिल दोन बोटं चुकलं. पत्र्याचं ठिगळ बसवायचं म्हणजे दीड-दोन तास गेले असते. मी भोकात पुट्टी भरली, पायाची पट्टी सरकवून त्यावर घेतली आणि रंग मारला. कोण बघतंय! पंधरा-सोळा वर्षं पुट्टी टिकली, मग चिरली.

मी तिथंच ओट्याला टेकून बसलो. सर बाहेरून म्हणाले, "सापडलं का?"

"सापडलं."

"कुणाची करामत?"

मी काहीही सांगू शकलो असतो. या टपावरही मधे कुणीतरी डांबर फासलेलं होतं, त्याच्यावर ढकललं असतं तर कुणाला संशय आला नसता. शेड बंद, मालक गेलेले, साक्षीला कुणी नाही.

"माझी," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, म्हातारा माणूस आहे, असू दे म्हणेल. सर तसं म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. "तीन वेळा भिजली हो ती," ते म्हणाले. "तिला वाटायचं बुडतोय आपण. मी तिला धरून पहाटेपर्यंत बसायचो. मुलांच्या चित्रात चूक झाली की मी खोडायला लावायचो. तुम्ही वरून रंग फासलात."

संध्याकाळपर्यंत ते वैनींजवळच बसून राहिले. त्यांचा चहा मी पायरीवर ठेवला, तो तसाच गार झाला. मी मात्र काम थांबवलं नाही. जुनं सीलंट, डांबर, रंग, सगळं पत्र्यापर्यंत खरवडून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा प्लाय एकट्यानं उचलत होतो. दुसरं टोक कुणीतरी धरलं. सर होते. "कुठं लावायचाय?" एवढंच म्हणाले.

"आत्ता न्हाई लावायचा. आधी वाळू दे."

ही गोष्ट लोकांना पटत नाही. भोक बुजवलं की काम झालं असं वाटतं. पण आत ओल ठेवून प्लाय मारला, तर ती आतल्या आत सगळं खाते. मी मोठे बल्ब लावून चार दिवस कमानी वाळवल्या. भोकावर पत्र्याचं ठिगळ, खाली चिकट पट्टी, कडेनं रिबिट, वर सीलंट. कठड्याचे सगळे पाय काढून पुन्हा बसवले. जे काम दोन तासांत व्हायचं होतं, ते पंधरा-सोळा वर्षांनी आठ दिवस केलं. मग पुन्हा पट्ट्या लावून दिवसभर पाणी मारलं. एकही ओली झाली नाही.

तरी एक परीक्षा बाकी असते. उभी गाडी गळत नाही म्हणून चालती गळणार नाही असं नसतं. घाटात वळणावर बॉडी पिळते, जोड हलतात आणि चीर असली तर तोंड उघडते. मी सरांना म्हटलं, "पावसात पन्हाळ्याला जाऊन या, आन् फोन करा."

"तुम्ही चला," सर म्हणाले. "वर बघायला मागं कुणीतरी पाहिजे. मी चालवणार, ही कशी सांगेल?"

इतकी टपं केली, पण असल्या घरात बसून मी कधी कुठं गेलो नव्हतो. दुपारी तीनला निघालो. कोल्हापूर ओलांडेपर्यंत पाऊस चांगलाच लागला. मी पलंगाच्या कडेला बसून बॅटरी छताकडं धरली. शेजारी वैनी. त्या दिवशी त्यांनी छत्री मागितली नाही.

चढ सुरू झाला तसं वैनी म्हणाल्या, "पावणं, घरात कोन कोन असतंय?"

"मी एकटाच. मंडळी गेली. तीन वर्सं झाली."

"अगं बाई!" त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं. "कशानं वं? मग जेवायचं काय करतायसा?" सुमन गेली तेव्हा इतक्या कळवळून मला कुणी विचारलं नव्हतं. दोन वळणं झाली. त्यांनी डोळे पुसले, बाहेर बघितलं आणि पुन्हा माझ्याकडं वळल्या.

"पावणं, घरात कोन कोन असतंय?"

मी पुन्हा तेच सांगितलं. त्या पुन्हा तशाच रडल्या, नव्यानं. पुढच्या आरशात सर आमच्याकडं बघत होते. तिसऱ्यांदा वैनींनी विचारलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"मंडळी हाय की घरात," मी म्हटलं.

वैनींचा चेहरा खुलला. "काय करत्यात?"

"सैपाकाला लागली असंल."

"काय करनार हायत आज?"

"झुणका. मला आवडतो म्हून. तिला सवताला आवडत न्हाई."

"आन् तुमच्यासंगं कामाला येत्यात व्हय?"

"येतीया की. माझ्यापरीस तिलाच जास्त कळतंय. पन्हाळ्याचा एक लॉजवाला आलता..." आणि मी त्यांना घामाची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या. पन्हाळ्याला धुक्यात पाच मिनिटं थांबलो आणि उलटे फिरलो. त्या विचारत राहिल्या, मी सांगत राहिलो. सुमनचं माहेर, तिचे कान, चहात आलं किसून घालायची तिची खोड, हुपरीहून घेतलेले पैंजण तिनं कसे कधी घातले नाहीत. तीन वर्षांत मी इतकं बोललो नव्हतो. बॅटरी सगळा वेळ छतावर होती. सगळ्या वळणांत एक थेंब पडला नाही.

फाटकाशी आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. पाऊस उतरला होता. मी खाली उतरलो. सरांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा खांदा दाबला.

मागच्या खिडकीतून वैनी डोकावल्या. "जावा लवकर. वाट बगत असतील."

"व्हय, व्हय. चला आता, कागल लांब हाय."

"घरात अंधार का वं?" त्या माझ्या मागं बघत म्हणाल्या. "बरं न्हाई का त्यास्नी? अवं, थांबवा गाडी. त्या बाहीर कशा आल्या न्हाईत?"

सरांनी गाडी चालू केली होती, पण वैनी दाराकडं निघाल्या. सरांनी हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडं बघितलं.

"मागं परड्यात असंल," मी म्हटलं. "आत्ता दिवा लावंल बघा."

मी फाटक उघडलं, चिखलातून भरभर चालत गेलो, खिशातून किल्ली काढली. माझी पाठ त्यांच्याकडं होती, म्हणून कुलूप त्यांना दिसलं नसावं. आत गेलो, ओट्यावरचा दिवा लावला, मग माजघरातला, मग मागच्या सोप्याचाही. तीन वर्षांत मी एका वेळी एकच दिवा लावत आलो होतो.

सगळं घर उजळलं, तेव्हा कुठं बाहेर गाडी हलली.